कुंकवाची बाजू

आमच्या घराण्याकडे आरमार होतं, असं भाऊकाका सांगत. ग्वाल्हेरहून कुठल्याही दिशेने निघालं तरी समुद्र फार लांब आहे, हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. बांधकाम खात्यात नकाशे वाचण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. पण आमच्या खापरपणजोबांना दरबारातून नावांच्या दरोग्याचं पद मिळालं होतं, आणि पद म्हटलं की भाऊकाकांचा भूगोल संपत असे. या नावा म्हणजे तळ्यातल्या दोन होड्या. एकीत दरबारी मंडळी संध्याकाळची हवा खायला बसत, आणि दुसरी, आईच्या मते, गळकी असणार. होडीतल्या गाद्या कोरड्या ठेवणं हे खापरपणजोबांचं काम, आणि ते त्यांनी निष्ठेने केलं म्हणून त्यांना एक तलवार बहाल झाली. गाद्या वाळवायला तलवार कशी वापरत असतील याचा मी लहानपणी बराच विचार केलेला आहे. जयेंद्रगंजातल्या आमच्या फ्लॅटच्या बैठकीत ती टीव्हीच्या वर टांगलेली होती, आणि बातम्या चालू असल्या की सगळे निवेदक तिच्याखाली मान घालून बसल्यासारखे दिसत.

भाऊकाका म्हणजे बाबांचे मोठे भाऊ. लग्न केलं नव्हतं, आमच्याकडेच राहत, आणि मराठी मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाला पगडी घालून जात. बाबा सिटी सेंटरमधल्या एका बँकेत होते आणि त्यांना पगडी, तलवार, हार, नारळ या सगळ्यांचा सारखाच कंटाळा होता. दोघे भाऊ एका ताटलीतले पोहे खात एकमेकांशी तासभर न बोलता बसू शकत आणि उठताना दोघांनाही गप्पा छान झाल्या असं वाटे. आई शाळेत गणित शिकवत असे. घरात शेवटचा शब्द कुणाचा, हा प्रश्न कधी उभाच राहिला नाही, कारण शेवटचा शब्द बोलून ती केव्हाच स्वयंपाकघरात गेलेली असे.

मी बारावीला होते तेव्हा मला होड्या बांधायचं शिक्षण घ्यायचं वेड लागलं. हे वेड कुठून आलं असं लोक आजही विचारतात आणि मी आरमाराचं नाव सांगत नाही. खरं कारण मोबाइलवर पाहिलेला एक व्हिडिओ. एक मुलगी एका फळीवर उभी होती आणि ती फळी पाण्याला न टेकता, हातभर वरून, तरंगत चालली होती. फळीच्या खाली एक खांब, खांबाच्या तळाशी पाण्याच्या आत विमानाला असतो तसा एक पंख. वेग आला की पंख फळीला वर उचलतो. त्याला हायड्रोफॉइल म्हणतात, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मला एवढंच कळलं की पाण्यातसुद्धा उडता येतं, आणि हे इतके दिवस माझ्यापासून कुणीतरी लपवून ठेवलं होतं.

बाबांना ते पटलं नाही. इथल्याच कॉलेजात कम्प्युटर घ्यायचा, घरचं जेवायचं, असा त्यांचा बेत ठरलेला होता. "ज्या गावात नळाला एक दिवसाआड पाणी येतं," ते जेवताना म्हणाले, "त्या गावातल्या मुलीला जहाजं बांधायची आहेत."

"जहाजं नाही, बाबा. लहान बोटी. आणि हा पंख तर मी घरीच बनवू शकते."

"घरी?"

"कार्बन फायबरचा. लोक गॅरेजमध्ये बनवतात."

"आपल्याकडे गॅरेज नाही."

"गच्ची आहे."

बाबांनी आमटीच्या वाटीवर हात आडवा धरला आणि अंगठा आणि करंगळी ताणून वीत केली. "ठीक आहे. तुझी ती फळी पाण्याच्या वर एवढी उठली, की जा समुद्रावर. नाही उठली तर कम्प्युटर, आणि पुन्हा पाण्याचं नाव नाही काढायचं. कबूल?"

"कबूल."

"मी ऐकलंय हं," आई वाढता वाढता म्हणाली. बाबांना वाटलं ती मला बजावून राहिली आहे.

त्याच सुमाराला आमचा जुना फ्रिज गेला. गेला म्हणजे त्याचं दार बंद होईना. बाकी त्याचा आवाज शेवटपर्यंत खणखणीत होता. तो एका विशिष्ट सुरात घुमे, खालचा षड्ज म्हणावा असा, आणि आईला त्या सुराची इतकी सवय झाली होती की नवा फ्रिज आला तेव्हा घर मेल्यासारखं वाटतंय अशी तिने तक्रार केली. मला मात्र त्या अदलाबदलीत घबाड मिळालं. नव्या फ्रिजच्या खोक्यातून थर्मोकोलचे जाड ठोकळे निघाले. तो झाला पंखाचा गाभा. जुन्या फ्रिजच्या पोटातला कॉम्प्रेसर काढून उलटा जोडला की तो हवा भरण्याऐवजी ओढून घेतो. कार्बनचं कापड गाभ्यावर रेझिनने चिकटवायचं, सगळं प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिच्यातली हवा ओढायची, म्हणजे पिशवी चहूबाजूंनी आवळून कापड घट्ट बसवते. पिशवी म्हणून मी रजया ठेवायची मोठी पिशवी घेतली. त्या वर्षी आमच्या रजयांना पिशवी उरली नाही आणि हिवाळाभर त्यांना कॉफीचा वास येत होता, कारण त्या मी कॉफीच्या खोक्यात कोंबल्या होत्या.

कार्बनचं कापड कुरियरने आलं. काळंभोर, चमकदार, तिरक्या विणीचं. आईने ते बोटांत धरून पाहिलं आणि म्हणाली, "अस्तर लावल्याशिवाय अंगाला टोचेल." मग कैची आणून दिली, आणि संध्याकाळी ती परत घेताना तिची बोथटलेली धार पाहून ती मलाच देऊन टाकली. रेझिनवर घालायला पातळ नायलॉनचं कापड हवं होतं, नंतर सोलून काढता येईल असं. ते शोधायला मी टोपी बाजारात गेले. दुकानदाराने एकेक ताका खाली काढला. "बिटिया, शेरवानी का अस्तर है या लहंगे का?"

"पंख का," मी म्हटलं.

"मोर का?" त्याने अगदी गंभीरपणे विचारलं. "स्कूल के नाटक में हमेशा मोर वाला कपड़ा जाता है."

मला आतून वाईट वाटलं की मी मोराचा पंख बनवत नाही. तो सोपा असतो.

पंखाचा आकार साधा असतो, पण त्यात एक गोष्ट चुकून चालत नाही. त्याची एक बाजू फुगीर असते आणि दुसरी जवळजवळ सपाट. पाणी वेगाने आलं की पंख फुगीर बाजूकडे ओढला जातो. म्हणून फुगीर बाजू वर. मी गरम तारेने थर्मोकोल कापला तेव्हा हे आईला समजावलं, बाबांना समजावलं, आणि फळीवर जी उभी राहणार होती त्या पूनमलाही समजावलं. पूनम तोमर माझ्या वर्गात होती आणि तिघऱ्याच्या धरणात लहानपणापासून कयाक चालवत होती. पाण्यावर तोल सांभाळणं तिला जमिनीवर चालण्याइतकं सोपं वाटे. तिने पंख हातात घेऊन तो आकाशाकडे धरला. "यार, ये तो सच में चिड़िया का लग रहा है. आंटी ने सब्ज़ी वाला पुराना तराज़ू समझके फेंक ना दिया तो उड़ेगा." भाऊकाकांना मात्र मी काही समजावलं नाही. गच्चीवर कॉम्प्रेसर घुमायला लागला की ते खालून ओरडत, "अगं, ती आगगाडी बंद कर, बातम्या ऐकू येत नाहीत!" यापलीकडे त्यांचा या कामाशी संबंध नव्हता.

संबंध आला तो पूनममुळे. ती एकदा गच्चीवरून उतरताना त्यांना म्हणाली, "काकाजी, दिवाली के बाद नाव पानी में उतरेगी." नाव हा शब्द ऐकल्यावर भाऊकाका खुर्चीतून उठले. दुसऱ्या दिवशी मंडळात बातमी पोचली होती की दरोग्यांच्या घराण्यात पुन्हा नौका बांधली जात आहे. चौथ्या मजल्यावरच्या गच्चीत. आमच्या घराण्यात एवढ्या उंचीवर आरमार पहिल्यांदाच नेलं गेलं होतं.

खंडेनवमीला आमच्याकडे शस्त्रांची आणि कामाच्या हत्यारांची पूजा होते. तलवार खाली उतरते, तिच्या शेजारी आईचा कंपास आणि मोठी लाकडी पट्टी, बाबांचा लॅपटॉप, मिक्सरचं भांडं. आदल्या संध्याकाळी मी पंखाच्या सपाट बाजूला रेझिनचा शेवटचा हात दिला होता आणि तो घडी केलेल्या टॉवेलवर, फुगीर बाजू खाली करून, वाळायला ठेवला होता. आश्विनात रात्री गार होतात आणि रेझिन आळशी होतं. सकाळी मी उठायच्या आत भाऊकाका सोवळं नेसून गच्चीवर गेले, पंख दोन्ही हातांनी, बाळाला उचलतात तसा कडेने धरून खाली आणला, तलवारीच्या उजव्या अंगाला ठेवला आणि मंत्र म्हणत त्यावर कुंकवाचं ठसठशीत बोट ओढून वर अक्षता टाकल्या. मी दात घासत बाहेर आले तेव्हा निरांजन ओवाळणं चालू होतं.

"भाऊकाका, ते ओलं होतं!"

"मग बरंच झालं," ते म्हणाले. "कुंकू छान धरलं."

खरोखरच छान धरलं होतं. दुपारपर्यंत रेझिन काचेसारखं घट्ट झालं आणि कुंकवाचा पट्टा आणि तांदळाचे दाणे त्यात कायमचे बसले. मी पॉलिशपेपर घेऊन बसले, तेव्हा आईने माझ्या हातावर हात ठेवला. "कुठली बाजू आहे ही? सपाट ना? मग तिथे दोनचार दाण्यांनी काय बिघडणार आहे?" तिचं गणित बरोबर होतं. फुगीर बाजूला एवढासा खडबडीतपणा पंखाचा जीव घेतो. सपाट बाजू सहन करते. फळी आणि खांब आधीच तयार होते; पंखही सपाट बाजूच्या तांदळासकट पूर्ण झाला. मी पुरणपोळी खाल्ली आणि विसरून गेले.

दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी तिघऱ्याला जायचं ठरलं. माझा बेत असा होता की पूनम, मी, मोटरबोटवाला आणि वीत मोजायला बाबा. पोचून बघते तर काठावर शामियाना. प्लास्टिकच्या खुर्च्यांना पांढरे अंगरखे. 'नौकानयन परंपरेचे पुनरुज्जीवन' असा फलक, आणि माइकवर कुणीतरी एक-दोन-तीन म्हणून राहिलं होतं. मंडळाची सगळी ज्येष्ठ मंडळी पोहे-जलेबी खात होती. प्रमुख पाहुणे म्हणून कुठल्याशा महामंडळाचे माजी अध्यक्ष यायचे होते आणि ते, प्रमुख पाहुण्यांच्या रिवाजाप्रमाणे, आलेले नव्हते. आईने माझ्या हातात नऊवारी ठेवली. "भाऊजींनी सांगितलंय. नेस बाई, आज त्यांना नाही नको म्हणू." मग माझा आणि पूनमचा सत्कार झाला. पूनम लाइफ जॅकेटवर शाल घेऊन बसली होती आणि मला विचारत होती, "ये पहन के गिरूँगी तो शॉल वापस करनी पड़ेगी क्या?"

एवढ्या वेळात भाऊकाकांनी फळी, खांब आणि पंख पाना घेऊन स्वतः जोडले होते आणि सगळ्यावर लाल साटीन पांघरलं होतं. अनावरण पाहुण्यांच्या हस्ते. पाहुणे येईनात, ऊन चढू लागलं, तेव्हा साटीनसकट फळी पाण्यात नेली आणि भाऊकाकांनीच एका झटक्यात ते ओढलं. टाळ्या. पंख तेव्हा पाण्याखाली होता. तो कुणालाच दिसला नाही.

मोटरबोटीने दोर ताणला. पूनम गुडघ्यांवरून उभी राहिली, वेग वाढला, फळीचं तोंड किंचित हललं, आणि फळी नाक खाली घालून पाण्यात गेली. पूनम दोराच्या मागे पाण्यावरून सपाट सरकत गेली. पुन्हा प्रयत्न, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा बोटवाल्याने जास्त जोर लावला आणि फळी इतक्या उत्साहाने पाण्यात शिरली की बराच वेळ वर आलीच नाही. माइकवरचे गृहस्थ म्हणाले, "वा वा." काठावर कुणीतरी हळूच विचारलं की ही पाणबुडी आहे का. बाबांनी पोह्यांची डिश खुर्चीखाली ठेवली, हात रुमालाला पुसले आणि माझ्याकडे पाहिलं. ते रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं. "ठीक आहे, अनघा," ते म्हणाले. "छान प्रयत्न केलास. आता घरी जाऊ."

माझ्या डोळ्यांपुढे चार वर्षं कम्प्युटरच्या पडद्यासमोर घरच्या डब्यासकट उभी राहिली. तेवढ्यात पूनमने पाण्यातून डोकं वर काढलं आणि धापा टाकत ओरडली, "अनघा! ये उड़ नहीं रहा, ये खोद रहा है! जितना तेज़ खींचो, उतना नीचे!"

जितना तेज, उतना नीचे. मी नऊवारीचा काष्टा धरून कमरेएवढ्या पाण्यात शिरले. वाईट पंख वेग वाढला की नुसता डगमगतो. वेग वाढला की जास्त जोराने खाली जाणारा पंख उत्तम असतो. त्याला फक्त कुणीतरी चुकीची दिशा सांगितलेली असते. मी फळी उचलून पंख पाण्याबाहेर काढला. फुगीर बाजू पाताळाकडे होती, आणि सपाट बाजूवरचं कुंकू, तांदळासकट, सरळ आकाशाकडे.

"भाऊकाका, पंख कसा बसवलात तुम्ही?"

"अगदी विधिवत." ते पगडी सावरत काठापर्यंत आले. "कुंकवाची बाजू वर. देवाचं तोंड काय खाली करायचं?"

मी त्यांना हळू आवाजात सांगितलं. काठावर माइक होता, फलक होता, चाळीस वर्षांची ओळख असलेली माणसं खुर्च्यांवर होती. भाऊकाका पंखाकडे पाहत राहिले. मला वाटलं, आता ते म्हणतील, पाण्याची दिशा बरोबर नाही, किंवा मुहूर्त टळला. खात्यात असताना त्यांनी असे कितीतरी खुलासे लिहिले असणार. त्यांनी पगडी काढून आईच्या हातात दिली आणि माइकपाशी गेले.

"मंडळी, पंख उलटा बसवला गेला आहे," ते म्हणाले. मग माइक तोंडाजवळ ओढला. "बसवला गेला म्हणजे, मी बसवला. मुलीचं काम बरोबर होतं." आणि धोतर खोचून ते पाण्यात उतरले. "दे तो पाना."

"भाऊकाका, कुंकू खाली जाईल."

"जाऊ दे. पाणी काय परकं आहे?"

बाबा म्हणाले, "भाऊ, पण आता एकदा झालं ना. ठरलं होतं तसं..."

"अहो," आई पगडी मांडीवर सांभाळत म्हणाली, "तुम्ही एक वीत म्हणाला होतात. कितव्या खेपेला ते म्हणाला नव्हतात. मी ऐकलंय." बाबांनी डिश पुन्हा उचलली.

तोपर्यंत बरीच मंडळी गाड्यांकडे निघाली होती. जलेबी संपली होती. माइक बंद होता. दोर ताणला, पूनम उठली, फळीने एकदा पाण्याला थाप मारली आणि मग ती पाण्यातून सुटली. सुटली हाच शब्द. खळखळ एकदम थांबली, मागचा फेस बारीक झाला, पूनम हवेतल्या हवेत उभी, आणि खांबाच्या तळाशी पंख घुमू लागला. वेगात आलेले पंख गातात हे मी वाचलं होतं, पण हा सूर माझ्या ओळखीचा होता. आईने मान वर केली. "अगंबाई," ती म्हणाली, "आपला फ्रिज!"

बाबा काठाच्या अगदी टोकाला गेले होते. त्यांनी हात लांब करून वीत ताणली, एक डोळा मिटला आणि दूरवरच्या फळीखालच्या उजेडावर ती धरून पाहत राहिले. पूनम वळसा घेऊन परत येईपर्यंत हात खाली आला नाही. मग ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "दोन तरी आहे." थोड्या वेळाने: "त्या समुद्राच्या गावी घर बघावं लागेल की हॉस्टेल असतं?"

प्रमुख पाहुणे त्यानंतर आले. गाडीतून उतरून त्यांनी शामियाना, रिकाम्या खुर्च्या आणि चिखलात वाळत पडलेलं लाल साटीन पाहिलं आणि अनावरण कुठे करायचं ते विचारलं. भाऊकाका कमरेपर्यंत ओले, बोडक्या डोक्याने उभे होते. आयुष्यभर त्यांनी अशा माणसांना हार घातले होते. "साहब, वो तो हो गया," ते म्हणाले. "आप बैठिए, चाय पीजिए." आणि पुन्हा पाण्याकडे बघायला लागले, कारण पूनमची दुसरी फेरी चालू होती.

पुढे मी समुद्राकाठी गेले आणि तिथेच राहिले. मी बांधलेल्या बोटींपैकी काही चांगल्या निघाल्या, एकदोन फारच लाजाळू होत्या. भाऊकाका असेपर्यंत दर खंडेनवमीला सकाळी त्यांचा फोन येई. आशीर्वाद, हवापाणी, आणि मग न चुकता एक प्रश्न: "वरची बाजू कुठली ते आधी विचारलंस ना?" आता फोन येत नाही. पण त्या दिवशी कारखान्यातली मुलं कामं थांबवून बघत असतात, आणि मी या वयात, कुरकुरणारे गुडघे घेऊन, बोटीच्या पोटाखाली उताणी सरकते. आधी बोटाची पाठ टेकवून रेझिन वाळलंय याची खात्री करून घेते. मग पंखाला खालून कुंकू लावते. अक्षता टिकत नाहीत. सगळ्या माझ्याच तोंडावर पडतात.